बसची शंभरी : ओवाळणी की तिलांजली?

दिवाळीच्या दिवसांत कुणाशी भांडू नये, असे आमची आई सांगत असे. वर्षाचा सण, दारात रांगोळी, घरात फराळाची ताटे. अशा वेळी माणसाने गोड बोलावे आणि गोड खावे. पण संपादकांनी लेख मागितला आणि विषय दिला तो मुंबईच्या बसची शंभरी कशी साजरी करावी हा! मी चार गोड आठवणी सांगाव्यात, दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर वाचकांना पुढच्या बाकावर बसवून गार वारा खिलवावा आणि शेवटी 'गेले ते दिवस' म्हणून एक उसासा टाकावा, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्यांची निराशा करणे मला भाग आहे. मला भांडायचे आहे. वाचकांनी चिरोट्याचा तुकडा तोंडात ठेवून ऐकावे, म्हणजे माझे तिखट त्यांना बाधणार नाही.

आधी एक घरगुती हकीकत सांगते. लहानपणी आम्ही राहत होतो त्या चाळीत एका आजीबाईंचे सहस्रचंद्रदर्शन झाले. गच्चीवर मांडव पडला, बासुंदीची पातेली आली, मुलगे-सुना, लेकी-जावई, नातवंडे-पतवंडे सारी गोळा झाली. आजीला नवे लुगडे नेसवून खुर्चीत बसवले आणि दिव्यांची ताटे घेऊन जो तो ओवाळू लागला. आजी मात्र ओवाळणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी लागून एकच विचारीत होती, "अरे, माझ्या चष्म्याची काडी मोडलीय. तेवढी कुणी बसवून आणाल का?" "हो हो आजी, आणतो हं," असे म्हणून जो तो पंगतीकडे वळे. समारंभ थाटात पार पडला. आठ दिवसांनी फोटो आले. आजी ते फोटो दोऱ्याने कानाला बांधलेल्या चष्म्यातून पाहत बसली होती.

मुंबईच्या बसच्या शंभरीचे नाव काढले की मला ही आजी आठवते.

१५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली मोटारबस धावली, ती अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. त्याला २०२६ साली शंभर वर्षे. बस आली तेव्हा या शहरात ट्राम होती. १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची. १९३७ साली दुमजली बस आली. मग ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या आठच दिवस आधी, मुंबईच्या महापालिकेने वीज आणि वाहतुकीचा हा सारा कारभार खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला. आपण ज्याला 'बेस्ट' म्हणतो तो उपक्रम असा शहराच्या मालकीचा झाला. आपली बस आपल्या मालकीची, ही गोष्ट लहान नव्हती. ती बस कुणा शेटजीची राहिली नाही. फाटकी चप्पल घालून पाट्या वाहणाऱ्या बाईचीही झाली. शंभरी साजरी करायची ती या गोष्टीची, असे माझे म्हणणे आहे. लोखंडाच्या सांगाड्याची नव्हे, आणि तांबड्या रंगाचीही नव्हे.

पण आपल्याकडच्या कल्पना कोणत्या? आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत हा विषय निघाला. मी लहान वर्गांना शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत, जुन्या भाषेत मॅट्रिकपर्यंत. पण शिक्षकांच्या खोलीत मते मांडायला पदवी लागत नाही, आणि तिथे दहा मिनिटांत डझनभर कल्पना निघाल्या. आगारांवर रोषणाई करावी. चित्ररथ काढावा. टपालाचे तिकीट काढावे. गुळगुळीत कागदाचे एक जाडजूड पुस्तक काढावे, म्हणजे ते दिवाणखान्यातल्या टेबलावर शोभेल. नटनट्यांना बसमधून फिरवावे. बसच्या आकाराचा शंभर किलोंचा केक करून तो मान्यवरांच्या हस्ते कापावा!

केकची कल्पना मला विशेष झोंबली. बस कापण्याचे काम गेली कित्येक वर्षे चालूच आहे. त्यासाठी आणखी केक कशाला?

एक बाई म्हणाल्या, "तुमचे आपले काहीतरीच. लंडनमध्ये नाही का केले?" केले, बाई. लंडनने २०१४ साली 'बसचे वर्ष' साजरे केले. जुन्यानव्या बसगाड्यांची रस्त्यावरून मिरवणूक काढली, बसच्या रंगवलेल्या प्रतिकृती गावभर मांडल्या. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या भुयारी रेल्वेला दीडशे वर्षे झाली, तेव्हा चक्क वाफेचे इंजिन बोगद्यातून चालवले. मोठी हौशी माणसे! पण प्रतिकृती पाहून झाल्यावर लंडनकर मागे वळला, तेव्हा त्याच्या थांब्यावर खरी बस येत होती. आठ हजारांच्या आसपास बसगाड्या त्या शहरात धावतात. पोट भरलेल्या घरात रांगोळी शोभते. चूल विझलेल्या घरात रांगोळीचे ठिपके मोजीत बसणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणू?

आपल्या चुलीची अवस्था पाहा. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ साली तो आकडा तीन हजारांच्याही खाली गेलेला होता. २०११ च्या शिरगणतीतच मुंबईची वस्ती सव्वा कोटीला टेकली होती. माणसे वाढली आणि बस घटली. हे गणित माझ्या वर्गातले पोरही चुकीचे म्हणेल. आणि उरलेल्या गाड्यांपैकी शहराच्या स्वतःच्या मालकीच्या किती? अगदी थोड्या. बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या, भाडेतत्त्वावर घेतलेल्या. गाडी कंत्राटदाराची, तिची देखभाल कंत्राटदाराची, चालकही कंत्राटदाराचा. आपली राहिली ती गाडीवरची अक्षरे. १९४७ साली जी वस्तू कंपनीकडून शहराकडे आली, ती शंभरी गाठता गाठता तुकड्यातुकड्यांनी पुन्हा कंपन्यांच्या दारी चालली आहे. मग शंभरी कुणाची? नावाची?

इथे कुणीतरी घसा खाकरतो आणि म्हणतो, "अहो, पण तोटा!" या एका शब्दापुढे भलेभले गप्प बसतात. बस तोट्यात चालते, हे खरे आहे. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. एक भाऊ कमावता, दुसरा घर सांभाळणारा, असा तो एकत्र कुटुंबाचा संसार होता. पुढे ती वाट बंद झाली. महापालिका अनुदान देते, हेही खरे आहे, आणि ते मी नाकारीत नाही. पण मला एवढेच विचारायचे आहे, की नफा-तोट्याची ही वही एकट्या बसपुढेच का उघडली जाते? समुद्राकाठच्या किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटींहून अधिक रुपये लागले. त्या रस्त्यावर टोल नाही. तो रस्ता नफ्यात चालतो की तोट्यात, असे कुणी विचारल्याचे मी ऐकले नाही. रस्ता हा खर्च नव्हे, तो विकास! ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच वेशींवर हलक्या मोटारींना टोल माफ झाला. आणि मे २०२५ मध्ये बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. मोटारवाल्याला माफी आणि बसवालीला दुप्पट! घरात थोरल्या सुनेला पैठणी आणि धाकटीला पोतेरे दिले, तर शेजारीपाजारी नावे ठेवतात. शहराने तेच केले तर आपण त्याला धोरण म्हणतो.

भाडे कधी वाढवूच नये, असे मी म्हणत नाही. पाच रुपयांत आज चहाही मिळत नाही, हे मलाही कळते. जुलै २०१९ मध्ये भाडे आठाचे पाच केले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण स्वस्त भाडे आणि घटत्या गाड्या यांचा संसार टिकणार कसा, हे तेव्हा आपण विचारायला हवे होते. प्रवाशाला स्वस्त बस हवी असते, पण त्याआधी बस हवी असते. न येणाऱ्या बसचे भाडे पाच रुपये असले काय आणि फुकट असले काय! बसची वाट पाहून जो रिक्षा करतो त्याला स्वस्त बस महागात पडते, आणि ज्याला रिक्षा परवडत नाही त्याचा खाडा लागतो.

दुसरा एक पक्ष म्हणतो, "आता मेट्रो आली, बस कशाला हवी?" मेट्रो आली याचा मला आनंद आहे. पण मेट्रोचे स्थानक कुणाच्या अंगणात नसते. जिन्याच्या पायथ्यापासून आपल्या घरापर्यंतचे जे अंतर उरते, ते गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी कसे तोडायचे? आगगाडी आणि मेट्रो या नद्या आहेत. घराघरात पाणी नेणारी नळाची तोटी म्हणजे बस. धरण बांधले म्हणून कुणी घरचा नळ उपटून टाकीत नाही.

आणि आता तिसऱ्या पक्षाकडे वळते. हा पक्ष मला सर्वांत जवळचा, कारण त्यात मी स्वतः आहे. हा पक्ष आठवणींत रमणाऱ्यांचा. आम्ही लेखक मंडळी तर त्याचे मानकरी! कंडक्टरच्या चिमट्याची टिकटिक, दोरी ओढताच वाजणारी घंटा, एका घंटेला थांबा आणि दोन घंटांना चला, पत्र्याच्या पेटीतली रंगीबेरंगी तिकिटे, पाटीवरचे मराठी आकडे. यांवर आम्ही पाने भरली. माझ्या एका कादंबरीत नायक-नायिकेची पहिली भेट दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर होते. वाचकांना तो प्रसंग आवडला. पण तो लिहीत होते त्या वर्षी मी स्वतः किती वेळा बसने गेले, असे कुणी विचारले असते तर मला मान खाली घालावी लागली असती.

निरोप देण्यात तर आम्हा मुंबईकरांचा हात कुणी धरणार नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा ती माणसांनी खच्चून भरली होती आणि दुतर्फा लोक उभे होते. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या पद्धतीची शेवटची दुमजली बस अंधेरीत धावली, तेव्हा तिला फुलांनी आणि फुग्यांनी सजवले होते. लोक फोटो काढीत होते, कुणाकुणाचे डोळे ओले झाले होते. त्या दिवशी मीही लेकीला घेऊन गेले होते. गर्दीत उभी राहून मी पदराने डोळे टिपले. लेकीने विचारले, "आई, आपण हिच्यातून का नाही गं यायचो?" मी काय उत्तर देणार? त्या निरोपाला आम्ही दोघी रिक्षाने गेलो होतो!

सांगायचे ते एवढेच, की जिवंतपणी हाल आणि मेल्यावर हार, ही आपली रीत आहे. बसची शंभरी या रीतीने झाली तर ती ओवाळणी होणार नाही, तिलांजली होईल. तिळांऐवजी केकचा तुकडा, एवढाच काय तो फरक.

शंभरीच्या निमित्ताने मी वर्गातल्या मुलांना 'आपली बस' असे चित्र काढायला दिले. एका मुलीने सुंदर दुमजली बस काढली. तांबडी, वर फुलांच्या माळा. मी विचारले, "कधी बसली होतीस गं तू हिच्यात?" ती म्हणाली, "नाही बाई, मोबाइलमध्ये बघितली." एका मुलाच्या कागदावर मात्र बस नव्हतीच. एक खांब, त्याला एक पाटी, आणि खांबाजवळ माणसांची लांबच लांब रांग. पिशव्या घेतलेल्या बाया, एक काठीवाले आजोबा, एक कडेवरचे मूल. मला वाटले, चित्र अर्धे राहिले. "अरे, बस कुठाय?" मी विचारले. तो पेन्सिल खाली न ठेवता म्हणाला, "येतेय ना, बाई."

मी त्याला दहापैकी दहा गुण दिले. शंभरीच्या समारंभाची निमंत्रणपत्रिका कुणी छापणार असेल, तर तिच्यावर हे चित्र छापावे, असे मला वाटते.

आता कुणी म्हणेल, की बाईंनी सगळ्यांच्या कल्पनांना नाके मुरडली. स्वतःची एक तरी सांगावी. सांगते. पंधरा जुलै काही एकदाच उगवत नाही. तो दर वर्षी येतो. तेव्हा हे सारे एका दिवसात उरकण्याचीही गरज नाही.

पहिली गोष्ट. त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या पहिल्या मार्गावर एक बस जरूर चालवावी. पण तीत मान्यवरांसाठी राखीव जागा असू नये. मंत्री, महापौर, अधिकारी, लेखक, सारे थांब्यावर रांगेत उभे राहावेत आणि तिकीट काढून चढावेत. उन्हापावसात उभे राहणे म्हणजे काय, हे कळायला त्याहून चांगली शाळा नाही. फीतही मान्यवरांनी कापू नये. रोज पहाटे त्याच मार्गाने कामाला जाणाऱ्या एखाद्या सफाई कामगार बाईने कापावी.

दुसरी गोष्ट माणसांची. २०२० साली मार्चच्या अखेरीस लोकलगाड्या बंद झाल्या, घराघराच्या कड्या लागल्या, तेव्हा परिचारिकांना आणि सफाई कामगारांना कामावर पोचवायला हीच बस धावत होती. त्या साथीत तिचे कित्येक कर्मचारी दगावले. आपण तेव्हा गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या आणि विसरलो. शंभरीचे पुस्तक काढायचेच असेल तर त्यात बसगाड्यांच्या फोटोंआधी या माणसांची नावे छापावीत. आणि जुन्या चालक-वाहकांना घरी जाऊन भेटावे, त्यांच्या तोंडून शहराची हकीकत उतरवून घ्यावी. या शहराच्या गल्ल्या त्यांच्याइतक्या कुणाला पाठ असणार?

तिसरी गोष्ट मुलांची. आणिक आगारात बेस्टचे एक संग्रहालय आहे. मुंबईतल्या प्रत्येक शाळेने मुलांना तिथे एकदा न्यावे आणि ते बसने न्यावे. मुलांना पाटी वाचायला, रांगेत उभे राहायला, सुटे पैसे द्यायला आणि म्हातारीसाठी जागा सोडायला शिकवावे. नागरिकशास्त्राचे जे धडे मी फळ्यावर लिहून दमले, ते तिसऱ्या थांब्याच्या आत शिकवून होतील.

चौथी गोष्ट खरी ओवाळणीची. ओवाळणीत काहीतरी घालावे लागते. नुसते ताट फिरवून चालत नाही. शहराने आपल्या स्वतःच्या मालकीच्या नव्या गाड्या घ्याव्यात आणि त्या दर वर्षी वाढवाव्यात. शंभरीला शंभरांपासून सुरुवात केली तरी मी पहिली टाळी वाजवीन. मोठ्या रस्त्यांवर बससाठी एक पट्टा राखून ठेवावा. पन्नास माणसे नेणारी बस एकट्यादुकट्याच्या मोटारीमागे ताटकळत उभी राहते, यात न्याय कसला? थांब्याला छप्पर असावे, टेकायला बाक असावे आणि बस केव्हा येणार ते लिहिलेले असावे. जाहिरातीच्या मोठ्या चौकटीत बसच्या वेळेला एक कोपरा मिळाला तरी पुरे.

आणि पाचवी गोष्ट आपली, तुमची नि माझी. सरकारला आणि महापालिकेला चार शब्द सुनावणे सोपे. ते मी आता सुनावलेच. पण ज्या बसमधून आपण कधी जात नाही, ती टिकावी म्हणून कोण भांडणार? तिचे गाऱ्हाणे करायलासुद्धा तीत बसावे लागते. त्या निरोपानंतर मी ठरवले, की शाळेची वाट बसने चालायची. कधी वेळेवर पोचते, कधी धापा टाकत पोचते. पण आता रांगेत माझ्या पुढेमागे कोण उभे असते ते मला माहीत आहे, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा थोडासा हक्कही मला मिळाला आहे. त्या हक्कावरच हा लेख लिहिला.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत भाऊबिजेला बहिणीकडे जाल तेव्हा एक वेळ बसने जाऊन पाहा. उशीर झाला तर बहीण रागावेल. तिला माझे नाव सांगा. आणि बसच्या शंभरीसाठी कुणी वर्गणी मागायला आले, तर ती द्या, पण देताना एकच प्रश्न विचारा: "आजीला ओवाळणार आहात ते छानच, पण तिच्या चष्म्याच्या काडीचे काय केलेत?"